आधीचं हसू

विहाराच्या जिन्याखाली एक खोली आहे. खोली आपली म्हणायची. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने दारातूनच बोलायचं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतींना ठोकलेली जुनी ब्लँकेटं आणि हॉलच्या बाजूला एक छोटीशी काच. या खोलीत बसून कात्रीताईने भंतेंची प्रवचनं साफ केली. किती वर्षं ते विचारू नका, ती स्वतःही कधी बोटं मोजत बसली नाही.

कात्रीताई हे काही तिचं नाव नव्हे. पण खरं नाव आता आठवतंय कोणाला! लग्नांच्या व्हिडिओंचा आवाज जुळवणाऱ्या एका स्टुडिओत ती तरुणपणापासून कामाला होती. रुसवेफुगवे, भांडणं, "अरे कॅमेरा इकडे फिरव" असले सगळे आवाज कापायचे आणि त्या जागी गाणी चिकटवायची. पुढे स्टुडिओ बंद पडला. त्याच सुमारास कोणीतरी तिला भंतेंच्या प्रवचनाची सीडी दिली. तिने ती घरी लावली आणि अर्ध्यातच बंद केली. "हे काय ऐकायचं? भंते कमी आणि खुर्च्याच जास्त!" दुसऱ्या दिवशी विहारात जाऊन तिने सांगून टाकलं, हे काम मला द्या. विनंतीबिनंती तिच्या स्वभावातच नव्हती. समितीच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने किल्ली दिली.

दर रविवारी सकाळी आधी वंदना, मग थोडा वेळ ध्यान, मग भंतेंचं प्रवचन. हॉलमध्ये बसणारी माणसं फार नव्हती, पण रेकॉर्डिंग लांबलांब जायचं. अंथरुणाला खिळलेली माणसं ऐकायची, रात्रपाळीवाले ऐकायचे. कोणी घरात एकट्यानेच बसून रेकॉर्डिंगच्या मागे मागे वंदना म्हणायचं. अशा माणसांसाठी आवाज लख्ख हवा, असा ताईचा हट्ट. ती म्हणायची, "डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या कानात खुर्ची करकरली, तर तो श्वासाकडे बघेल की खुर्चीकडे?"

तिची कामाची पद्धत ठरलेली. रविवारी उतरवलं ते कच्चं. सोमवारी हेडफोन लावून बसायचं आणि खोकले, शिंका, हॉलमधला हशा, मोबाइल, दाराची कडी, सगळं वेचून काढायचं. तांदूळ निवडावे तसं. भंते वाक्यात मध्येच थांबले की तीही फट आवळून टाकायची. म्हातारं माणूस, दम लागतो, ऐकणाऱ्याने कशाला ताटकळावं? पण नुसतं कापून भागत नाही. कापलेली जागा पोकळ राहिली की कानाला खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं. म्हणून तिने ध्यानाच्या वेळची हॉलमधली शांतता थोडी वेगळी काढून ठेवली होती. सगळे डोळे मिटून बसलेले, पंखा बंद, कोणी हलत नाही, अशी. त्या शांततेचं ठिगळ ती कापलेल्या जागी लावायची. कोणाच्या बापाला कळायचं नाही की इथे कोणी शिंकलं होतं. झालं ते पक्कं. आणि पक्कं झालं की कच्चं त्याच दिवशी पुसून टाकायचं. ओट्यावर उष्टं भांडं ठेवायचं नाही, तसंच हे.

आता तिच्या नवऱ्याबद्दल. तो सुतार. दारं-खिडक्यांचा सुतार, आणि कामाला असा चोख की जिन्याखालच्या खोलीचं दार त्यानेच बनवलेलं. लावलं की लागल्याचा आवाज येत नाही. लग्नानंतर बायको रागावून दार आपटायची, म्हणून मी असली दारं करायला शिकलो, असं तो चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. त्याचं हसणं मोठं. पोटातून यायचं आणि शेवटी बारीक शिट्टीसारखं संपायचं. विहारात तो तिसऱ्या खांबाला टेकून बसायचा. गुडघे गेलेले, मांडी घालता येत नव्हती, म्हणून पाय पसरून.

कितीतरी वर्षं तो शहाण्या माणसासारखा, सगळे हसले की हसायचा. मग अलीकडच्या काही वर्षांत त्याला काय झालं कोण जाणे, तो विनोदाच्या आधीच हसायला लागला.

भंतेंच्या गोष्टी त्याच त्या असायच्या. एक गोष्ट तर सगळ्यांना पाठ. एका माणसाला ध्यानाला बसायचं असतं आणि आवाज सहन होत नाहीत. तो खिडकी लावतो, दार लावतो, घड्याळ बंद करतो, कुत्र्याला हाकलतो, शेजाऱ्याशी भांडून येतो. शेवटी सगळं शांत. तो डोळे मिटतो, तर अजून कसलातरी आवाज येतोच आहे! बायकोवर ओरडतो, हा आवाज कसला? बायको म्हणते, "अहो, तो तुमचाच श्वास आहे. तोही बंद करू का?" यावर हॉल हसायचा. पण भंते "बायको म्हणते" एवढं म्हणून जरा थांबले रे थांबले, की तिसऱ्या खांबापाशी स्फोट व्हायचा. हा हा हा, आणि शेवटी शिट्टी. लोक मागे वळून बघायचे. कोणीतरी त्याचं नाव आगाऊराव ठेवलं, आणि तेच चिकटलं.

कात्रीताईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. बाकी लोकांच्या शिंका कापताना तिला काही वाटायचं नाही. पण आपल्याच घरचा माणूस आपलंच काम वाढवतो म्हणजे काय? घरी आली की सुरुवात.

"अहो, लाज आहे का? चार माणसं बघतात. विनोद व्हायच्या आधी कोणी हसतं का?"

"मला येतं हसू."

"दाबा मग. तोंडात रुमाल कोंबा."

"अगं, काप की. कात्री आहे ना तुझ्याकडे? माझं हसणं काप, भंतेंचं बोलणं राहू दे."

"म्हणजे तुम्ही घाण करायची आणि मी पुसायची!"

"तू पुसतेस म्हणून तर मी हसतो," असं म्हणून तो चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचा. ती मागून म्हणायची, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही." एकदा तर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने तरीही पुढच्या रविवारी तेच केलं. तिने सोमवारी बसून ते कापलं, शांततेचं ठिगळ लावलं आणि कच्चं पुसून टाकलं.

मग तो आजारी पडला. फुप्फुसाचं दुखणं, आयुष्यभर लाकडाचा भुसा ओढलेला. पायऱ्या उतरणं बंद झालं तसं विहारही बंद झालं. योगायोग म्हणा, भंतेही तेव्हाच हवापालटाला म्हणून दूर एका शिष्याकडे गेले होते, आणि हॉलमध्ये रविवारी जुनी रेकॉर्डिंग लावत. ताईने घरीही त्याच्या उशाशी छोटा स्पीकर ठेवला. तो डोळे मिटून ऐकत पडायचा. भंते म्हणायचे, श्वास आत येतोय, बघा. बाहेर जातोय, बघा. तो लांब आहे की आखूड, एवढंच बघा, त्याला बदलायला जाऊ नका. त्याचा श्वास आखूडच असायचा. तो बिचारा तेवढाच बघायचा.

एक दिवस ती आवाज न सहन होणाऱ्या माणसाची गोष्ट लागली. "बायको म्हणते," आणि लगेच, "अहो, तो तुमचाच श्वास आहे." त्याने डोळे उघडले.

"इथे मी होतो ना गं?"

"होता. कापलं."

"अजिबात कळत नाही," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की तिला नवल वाटलं. "भंते कसे सलग बोलल्यासारखे वाटतात. हात आहे बरं का तुझ्याकडे!"

उभ्या जन्मात त्याने तिच्या कामाची केलेली ही पहिली स्तुती. ती म्हणाली, "हसून धाप लावून घेऊ नका, पडा गप." पुढच्या आठवड्यात तो गेला.

लोक आले, वंदना झाली, लोक गेले. सगळं अनित्य आहे, उत्पन्न होतं ते जातं, हे वाक्य तिने आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं असेल तितक्या वेळा भंतेंनी स्वतःही म्हटलं नसेल. त्यातला खोकला काढायचा तर एकेक वाक्य दहादा ऐकावं लागतं. कानाला पाठ होतं ते. मनाला काडीचाही उपयोग झाला नाही. ती स्वयंपाकघरात उभी राहायची आणि गॅस पेटवायचं विसरायची.

आणि मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की तिला त्याचं हसणं आठवत नाहीये. आठवत होतं असं की मोठं होतं, शेवटी शिट्टी होती. पण ते वर्णन झालं. कानात काही येईना. कानात येत होती ती शेवटच्या दिवसांतली घरघर. आवाजांवर पोट भरलेल्या बाईला नवऱ्याचं हसणं ऐकू येऊ नये! ती हादरलीच. एवढं एक मिळालं पाहिजे, असं तिने मनाशी धरलं. एकदाच, घासभर, पण त्याचं स्वतःचं.

मुलीला फोन केला. मुलीकडे बाबांचे दोन-तीन निरोप होते. "पोचलो. ठेव आता." "औषध घेतलं. तुझ्या आईला सांग." फोनवर बोलायला बिल पडतं अशाच थाटात तो शेवटपर्यंत बोलायचा. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, त्यात तो तोंड उघडून हसताना दिसत होता, आणि आवाजाच्या जागी गाणं होतं. गाणं चिकटवणारी कोण, ते सांगायला नकोच.

मग ती जिन्याखालच्या खोलीत बसली. पक्की रेकॉर्डिंग एकामागून एक लावली. तिला प्रत्येक सांधा माहीत होता. दुसऱ्या कोणालाही सापडला नसता, तिला सापडत होता. इथे तो हसला होता. इथेही. इथे जरा जास्तच. आणि प्रत्येक ठिकाणी तिने स्वतःच्या हाताने लावलेली शांतता होती, एकही धागा बाहेर नाही. कुठेतरी आळस केला असेल, एखादी शिट्टीची शेपटी राहिली असेल म्हणून तिने सगळं पालथं घातलं. आळस केलेला नव्हता. "मेली कसली ही सफाई," ती स्वतःलाच म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून रडली.

घड्याळकाकांची आठवण तिला मग झाली. घड्याळं दुरुस्त करणारे हे गृहस्थ नवऱ्याच्या शेजारी, खांबाच्या पलीकडे बसायचे आणि खिशात आपला छोटा रेकॉर्डर चालू ठेवायचे. ती दुकानात गेली तेव्हा ते डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"काका, तुम्ही खिशात उतरवायचात ना प्रवचनं? ती आहेत का?"

"हो तर! सगळी आहेत," काका उठलेच. "थांबा, दाखवतो. एकही रविवार सोडलेला नाही."

काकांनी मशीन लावलं. भंतेंचा आवाज आला. स्वच्छ, लख्ख, एक खोकला नाही. तिने आपला सांधा ओळखला.

"हे माझं आहे, काका."

"मग काय तर! माझ्यात नुसता खरखराट यायचा, शिवाय तुमचे यजमान शेजारी... म्हणजे, राग मानू नका... कानाशीच हसायचे. मग तुमची पक्की प्रत आली की मी माझ्यावर तीच उतरवून घ्यायचो. तुमच्या कामाला तोड नाही ताई, मी सगळ्यांना सांगतो."

ती बरं म्हणाली. काकांनी दिलेलं पाणी प्यायली. दुकानातली सगळी घड्याळं आपापली टिकटिकत होती, आणि तिला वाटलं, जरा थांबवा हो कोणीतरी यांना.

एकच गोष्ट उरली होती. ते शांततेचं ठिगळ. ते उतरवलं तेव्हा तोही हॉलमध्ये होता, तिसऱ्या खांबाला टेकून, डोळे मिटून. म्हणजे त्याचा श्वास त्यात असणार. तिने ते लावलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटपर्यंत नेला. नुसता घूंऽऽ असा आवाज. हॉलभर माणसांचे श्वास एकात एक मिसळलेले. त्यात तो होताच. पण पाण्यात पडलेला पाण्याचा थेंब शोधायचा कसा? तिने हेडफोन काढून ठेवले आणि त्यानंतर शोधणं सोडून दिलं.

पुढे भंते परत आले. बरेच वाळले होते. लोकांनी आग्रह केला, तेव्हा एका रविवारी प्रवचनाला बसले. हॉल भरला. कात्रीताई काचेमागे, हेडफोन लावून. वंदना झाली, ध्यान झालं, भंते बोलू लागले. आवाज क्षीण, पण तोच. आणि फिरून फिरून ते त्याच गोष्टीवर आले. खिडकी लावली, दार लावलं, घड्याळ बंद केलं.

"शेवटी तो बायकोवर ओरडला, हा आवाज कसला? तेव्हा बायको म्हणते..."

भंते थांबले.

दम घेत असतील, असं ताईला वाटलं; उद्या ही फट आवळावी लागेल, असंही सवयीने वाटलं. पण भंते दम घेत नव्हते. ते तिसऱ्या खांबाकडे बघत होते. खांबापाशी कोणी नव्हतं. लोकांनी आपसूकच तेवढी जागा सोडली होती. भंतेंनी ओठ हलवले, पुन्हा बंद केले. "बायको म्हणते," ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा खांबाकडे बघितलं. आंधळ्याने जिन्यात हात पुढे करावा आणि कठडाच नसावा, तसं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी खोकलं.

आणि काचेमागे कात्रीताईला सगळं एकदम कळलं.

भंते विसरत होते. आजचं नाही, कित्येक वर्षांचं. दरवेळी ते असेच थांबायचे, आणि दरवेळी तो हसायचा. हसण्याने त्यांना कळायचं की इथे विनोद आहे, आणि पुढचं आठवायचं. लोकांना वाटायचं आगाऊराव आगाऊपणा करतोय. कोणाचं लक्षच भंतेंकडे जायचं नाही. सगळ्यांत आधी कळायला हवं होतं ते तिला. ती फट, त्यातला अडखळलेला श्वास, मग हसणं, मग भंतेंचं "हं". हे सगळं तिने एकटीने हेडफोन लावून दहा दहा वेळा ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि कापलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तू पुसतेस म्हणून तर मी हसतो, असं तो म्हणाला होता. आणि तिने त्यालाच खोड म्हटलं होतं.

भंते अजून खांबाकडे बघत होते.

तिने हेडफोन काढले, दार उघडलं आणि हॉलच्या कडेला येऊन उभी राहिली. हॉलमध्ये तिने आजवर कधी टाचणीएवढाही आवाज केला नव्हता. ती हसली. मोठ्याने, पोटातून, हा हा हा. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, शेवटी शिट्टी यायला हवी होती तिथे हुंदका आला. सगळा हॉल मागे वळला.

भंतेंचा चेहरा उजळला. "हं," ते म्हणाले. "बायको म्हणते, अहो, तो तुमचाच श्वास आहे. तोही बंद करू का?"

हॉल हसला.

प्रवचन संपलं, साधु साधु झालं, लोक पांगले. ती भंतेंपुढे जाऊन बसली. तिने काही विचारण्याआधी भंतेच म्हणाले, "मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. एकदा अडकलो, तो हसला, मला आठवलं. पुढच्या वेळी अडकलो, तर तो हसायला तयारच होता. नंतर एकदा एवढंच म्हणाला, भंते, घाबरू नका, बाहेर काही जात नाही. आमची ही सगळं कापते."

"मी फार बोलले हो त्यांना," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बोलले."

भंतेंनी तिला अनित्य, दुःख काही सांगितलं नाही. ते तिच्याबरोबर नुसते बसून राहिले.

सोमवारी ती कामाला बसली. खोकला कापला, खुर्ची कापली, मोबाइल कापला. मग ती जागा आली. भंतेंची लांबलचक फट. तेवढी तिने आवळली. भंतेंचं अडखळणं झाकणं हे त्याचं काम होतं, आता तिला करणं भाग होतं. पुढे ते हसणं. तिने ते ऐकलं, पुन्हा ऐकलं. तिचंच होतं. त्याच्यासारखं मुळीच नव्हतं. त्याचं हसणं आता जगात कुठेही नव्हतं, आणि ते कुठे गेलं ते फक्त तिलाच माहीत होतं. तिने त्याला हात लावला नाही. शांततेचं ठिगळ होतं तिथेच पडून राहिलं.

संध्याकाळी घड्याळकाका पक्की प्रत घ्यायला आले. दारातच उभं राहून कानाला लावून थोडं ऐकलं आणि चपापले.

"ताई, यात भंतेंच्या आधीच कोणीतरी हसतंय. कापायचं राहिलं वाटतं."

"राहिलं नाही, काका. ठेवलंय."

"हो, पण घरोघरी जाणार हे. लोक विचारतील ना, हे कोण हसतंय म्हणून."

"सांगा, आमचे हे," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. दार नेहमीसारखं, आवाज न करता लागलं.